कारखान्यातल्या कामगारांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण कसं उभं करायचं

उदाहरणादाखल जळगाव एमआयडीसीतला पीव्हीसी पाइपचा एक कारखाना धरू. तीन पाळ्या, एकूण १२० माणसं, त्यातली निम्मी ठेकेदाराकडची. प्रत्येक पाळीला एक सुपरवायझर. एचआर बघणारा एकच माणूस, तोच पगारपत्रकही करतो. कम्प्युटरचं काम बाहेरच्या एका मुलाकडे, तो बोलावल्यावर येतो. डाळ मिल, चटईचा कारखाना, जिनिंग, सावदा-रावेरकडचं केळीचं पॅकहाउस किंवा धुळ्याकडची ऑइल मिल, थोड्याफार फरकानं सगळीकडे हेच चित्र असतं. खालची सगळी मापं अशा युनिटसाठी आहेत.

ऑनलाइन यंत्रणा तीन कामं चोख करते. एकच गोष्ट तिन्ही पाळ्यांना सारखी सांगते, कोणाला कधी सांगितली याची नोंद ठेवते आणि कोणाचं राहिलं ते दाखवते. हाताला काम ती शिकवत नाही. मोबाइलवर दहापैकी दहा गुण मिळवणारा माणूस मशीनवर चुकू शकतो, म्हणून शेवटची परीक्षा मशीनपाशीच घ्यायची. हे पहिल्या दिवसापासून धरून चाललात तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

आधी कागद

कम्प्युटर उघडायच्या आधी एक मोठा कागद घ्या. वरच्या ओळीत कामं लिहा : मिक्सर, एक्स्ट्रूडर (पीव्हीसी वितळवून पाइप काढणारं मशीन) ऑपरेटर, कटर आणि सॉकेट, पॅकिंग-लोडिंग, मेंटेनन्स, फोर्कलिफ्ट. डाव्या बाजूला यायला हव्यात त्या गोष्टी लिहा. जिथे ज्याला जे लागतं तिथे खूण करा. हा तक्ता एचआरनं एकट्यानं बसून केला तर तो पुस्तकी होतो. दोन सुपरवायझर आणि मेंटेनन्सचा एक जुना फिटर सोबत बसवा. गेल्या दोन-तीन वर्षांचं अपघात रजिस्टर आणि भंगार किंवा रिजेक्शनची नोंद समोर ठेवा. कोणते पाठ आधी करायचे ते त्या दोन वह्याच सांगतात.

पन्नास पाठांची यादी होईल. त्यातले फक्त पाच निवडा. पाइपच्या कारखान्यात ते साधारण असे निघतात :

१. हॉल-ऑफमध्ये (पाइप पुढे ओढणाऱ्या मशीनमध्ये) पाइप अडकला तर
२. लाइट गेल्यावर एक्स्ट्रूडरवर काय करायचं
३. मिक्सरचं झाकण उघडण्याआधी
४. कटरचं गार्ड काढून काम का करायचं नाही
५. आग लागली तर कुठला सिलिंडर उचलायचा

दुसरा पाठ आपल्याकडे वगळून चालत नाही. उन्हाळ्यात लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. एक्स्ट्रूडरच्या बॅरलमध्ये गरम पीव्हीसी अडकून राहिलं की ते जळतं, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा तिखट वायू निघतो. डोळे-घसा झोंबतात, स्क्रू आणि डायलाही गंज धरतो. हीटरचे स्विच कोणत्या क्रमानं बंद करायचे, लाइट आल्यावर लगेच स्क्रू का फिरवायचा नाही, पर्जिंग (आतला जुना माल बाहेर काढणं) कशानं करायचं, हे तिन्ही पाळ्यांत तीन तऱ्हेनं सांगितलं जात असेल तर तुमच्या यंत्रणेचा पहिला फायदा इथेच दिसेल.

सुरक्षेचं प्रशिक्षण देणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, मग तो १९४८चा कारखाने अधिनियम घ्या की २०२०ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता. त्यामुळे प्रशिक्षणाचा वेळ हा कामाचाच वेळ. तो पाळीतून काढायचा. ‘घरी जाऊन बघा’ असं सांगितलेलं प्रशिक्षण कोणी बघत नाही, आणि माणसांनी ते बघावं अशी अपेक्षाही रास्त नाही.

एक पाठ, जवळून

पाठ म्हणजे एका कामाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ, त्याखाली चार-पाच ओळी आणि शेवटी प्रश्न. पॉवरपॉइंटच्या चाळीस स्लाइड चढवल्या म्हणजे ऑनलाइन प्रशिक्षण झालं, हा समज पहिल्या महिन्यातच यंत्रणा मारतो. कामगाराच्या सहा इंची पडद्यावर ती अक्षरं वाचताच येत नाहीत.

हॉल-ऑफचा पाठ घ्या. पाइप ओढणाऱ्या पट्ट्यांमध्ये माल अडकतो, ऑपरेटरला घाई असते, तो चालू मशीनमध्ये हात घालतो. पाठात दाखवायचा क्रम असा : जोडीदाराला हाक मारून सांगणं, स्टॉप बटण दाबणं, पॅनेलवरचा आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) खाली करणं, त्याला स्वतःचं कुलूप लावणं, चावी स्वतःच्या खिशात, नावाचा टॅग लटकवणं, मग हवेचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधला दाब सोडणं, शेवटी स्टार्ट बटण दाबून मशीन खरंच मेलेलं आहे ना ते बघणं. हात त्यानंतर.

यातली हवेची पायरी सर्रास सुटते. हॉल-ऑफचे पट्टे बहुतेक मशीनवर हवेच्या सिलिंडरनं पाइपवर दाबलेले असतात. वीज तोडली तरी लाइनमध्ये दाब शिल्लक असतो, आणि अडकलेला तुकडा निघाल्याबरोबर पट्टा खाली येऊ शकतो. व्हिडिओत प्रेशर गेजचा काटा शून्यावर येताना जवळून दाखवा, निदान पाच सेकंद. हा एक शॉट अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा जास्त काम करतो.

शूटिंगला चांगला मोबाइल पुरतो. आठ-दहा शॉट, प्रत्येक दहा ते वीस सेकंदांचा. मोबाइल आडवा धरा, कारण तोच व्हिडिओ कँटीनच्या टीव्हीवरही लावायचा आहे, पण चौकटीत माणूस कमी आणि हात जास्त ठेवा. शूटिंगच्या वेळी मशीन बंद, आयसोलेटर खाली. सुरक्षेचा पाठ चित्रित करताना कोणी चालू मशीनजवळ वाकलेला दिसला तर पाठाची किंमत शून्य होते. चप्पल घातलेला किंवा गळ्यात रुमाल गुंडाळलेला माणूस मागून गेला तरी शॉट पुन्हा घ्या. कामगार नेमकं तेच बघतात आणि त्यावरच हसतात.

आवाज शॉपमध्ये रेकॉर्ड करू नका. एक्स्ट्रूडर आणि ब्लोअरच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. शांत खोलीत किंवा उभ्या असलेल्या चारचाकीत काचा वर करून, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब धरून बोला, नंतर चित्रावर बसवा.

बोलायचं कोणी आणि कसं? शहरातल्या भाड्याच्या आवाजापेक्षा पाळीच्या सुपरवायझरचा आवाज चालतो. ‘यंत्र कार्यान्वित असताना’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. ‘भाऊ, मशीन चालू शे, हात घालू नको’ म्हटलं की धुळे-पारोळ्याकडचा माणूस मान वर करतो. मात्र सगळा पाठ अहिराणीत करायचा का, हे तुमच्या हजेरीपटावरून ठरवा. यावल-रावेरकडची माणसं लेवा बोली बोलतात, नंदुरबारच्या युनिटमध्ये भिली आणि पावरी बोलणारे असतात, लोडिंगला उत्तर प्रदेश-बिहारची पोरं असतात. व्यवहारात जमणारी गोष्ट ही : चित्र एकच, त्यावर साध्या मराठीचा एक आणि हिंदीचा एक असे दोन आवाज. दहापेक्षा जास्त माणसांची बोली वेगळी असेल तर तिसरा. आणि भागांची नावं कामगार घेतात तीच ठेवा : हॉपर, डाय, पॅनेल, बेल्ट.

व्हिडिओ लहान करणं

मोबाइलवर १०८०पीमध्ये शूट केलेलं एक मिनिट शंभर एमबीच्या आसपास जातं. तसंच चढवलं तर कोणाचाही डेटा पुरणार नाही. हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम घ्या. एच.२६४, ४८०पी, चित्राला ५०० आणि आवाजाला ६४ किलोबिट प्रतिसेकंद ठेवलं की तीन मिनिटांचा पाठ साधारण १३ एमबीत बसतो.

त्यातच ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ नावाचा एक चौकोन असतो, त्याला टिक करा. केली नाही तर फाइलची अनुक्रमणिका शेवटी जाते आणि कमी रेंजमध्ये बऱ्याचदा फाइल जवळजवळ पूर्ण उतरेपर्यंत व्हिडिओ सुरूच होत नाही. कामगार म्हणतो ‘चालत नाही’, ऑफिसात मात्र तो छान चालतो. अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ या एका टिकमध्ये सापडतं.

यंत्रणा कोणती घ्यायची

पंचवीस-तीस माणसं असतील तर थांबा. एक गूगल फॉर्म, एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि सह्यांची वही एवढ्यात भागतं. त्यापुढे मात्र ही जोडणी तुटते. ग्रुपमधला व्हिडिओ लग्नाच्या फोटोंखाली गाडला जातो, एकाच मोबाइलवरून पाच जणांचे फॉर्म भरले जातात, आणि कोणाचं राहिलं हे काढायला एचआर रात्री बसतो.

शंभरच्या पुढे मूडल घ्या, हा आमचा सरळ सल्ला. पाठ, परीक्षा आणि नोंदी एका जागी ठेवणारं, २००२पासून चालू असलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, परवान्याचे पैसे नाहीत, कॉलेजांत ते वर्षानुवर्षं चालतं त्यामुळे जाणकार पोरं मिळतात. दर माणशी दरमहा भाडं घेणाऱ्या तयार सेवाही आहेत. त्या दिसायला देखण्या असतात, पण ठेकेदाराची माणसं महिन्याला बदलतात तिथे माणशी भाडं अंगावर येतं. अशी सेवा घ्यायचीच असेल तर एकच प्रश्न विचारा : सोडून जाताना सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये मिळतील का? उत्तर गोलमोल आलं तर पुढे जाऊ नका.

सर्व्हर

कारखान्यातल्या जुन्या कम्प्युटरवर मूडल बसवायचा मोह टाळा. लाइट, धूळ आणि उंदीर, तिन्ही त्याच्या जिवावर उठलेले असतात. मुंबईत डेटा सेंटर असलेल्या कंपनीकडून भाड्यानं व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) घ्या : २ कोअर, ४ जीबी रॅम, ८० जीबी एसएसडी. महिन्याला दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास. १२० माणसांना एवढं भरपूर होतं.

त्यावरच्या सॉफ्टवेअरची जुळणारी एक जोडणी : उबुंटू २४.०४, पीएचपी ८.३, मारियाडीबी १०.११ आणि मूडल ४.५. मूडलची ही दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती आहे, तिला सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७पर्यंत मिळतात. सगळ्यात ताजी आवृत्ती घ्यायची हौस असेल तर आधी तिला लागणाऱ्या पीएचपीचा आणि डेटाबेसचा आकडा बघा, नाहीतर बसवताना मध्येच अडकतं.

बसवणाऱ्या मुलाला या पाच गोष्टी लिहून द्या आणि झाल्यावर एकेक तपासा.

मूडल-डेटा नावाचा फोल्डर वेबसाइटच्या फोल्डरबाहेर असला पाहिजे. आत राहिला तर बाहेरचा कोणीही फाइली उघडू शकतो.

पीएचपीमध्ये ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ ५००० हवं. मुळात ते १००० असतं आणि मोठे फॉर्म जतन होताना अर्धेच जतन होतात.

फाइल चढवण्याची मर्यादा पीएचपीत दोन ठिकाणी असते, ‘अपलोड मॅक्स फाइलसाइझ’ आणि ‘पोस्ट मॅक्स साइझ’. दोन्ही ६४ एमबी करा. एकच वाढवली तर १३ एमबीचा व्हिडिओही नाकारला जातो आणि कारण कळत नाही. वेब सर्व्हर एनजिनएक्स असेल तर तिथे तिसरी मर्यादा आहे, मुळात ती १ एमबीच असते.

क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं करणारा प्रोग्राम, दर मिनिटाला चालला पाहिजे. तो बंद असला तर साइट वरवर नीट दिसते, पण पाठ पुरा झाल्याच्या नोंदी अडकतात, आठवणीचे निरोप जात नाहीत. ‘परीक्षा दिली तरी पूर्ण दिसत नाही’ अशी ओरड आली की आधी क्रॉन बघायचा.

आणि एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत मिळतं, मुदत ९० दिवसांची असते, ते आपोआप नवं होईल असं लावून घ्या. साखळीतलं मधलं प्रमाणपत्र राहिलं तर ब्राउझर चालतो, पण मूडलचं मोबाइल अॅप साइटशी जोडायलाच नकार देतं.

नावं चढवणं

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, म्हणून सावकाश करा.

युजरनेम म्हणून कामगाराचा टोकन नंबर घ्या. नाव घेऊ नका, एका पाळीत तीन संजय पाटील निघतात. टोकन ००४७ असं असेल तर एक्सेल पुढची शून्यं खाऊन ४७ करून टाकतं. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या, किंवा पुढे एक छोटं इंग्रजी अक्षर जोडा. मूडलमध्ये युजरनेमला मोठी इंग्रजी अक्षरं चालत नाहीत, तेही लक्षात असू द्या.

यादी ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणूनच जतन करा. नुसती सीएसव्ही केली तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

मूडलला प्रत्येकाचा ईमेल लागतो आणि कामगारांकडे तो बहुधा नसतो. टोकन नंबर जोडून नकली पत्ते बनवा, पण ते तुमच्याच डोमेनचे असू द्या. कोणत्यातरी मोफत सेवेचे मनानं बनवलेले पत्ते खरोखर कोणाचे तरी असू शकतात, आणि मग तुमच्या कामगाराचा पासवर्ड बदलण्याची लिंक भलत्याच माणसाला जाते.

पासवर्डचे मुळातले नियम कडक असतात : आठ अक्षरं, मोठं, छोटं, आकडा, चिन्ह. ग्रीस लागलेल्या बोटांनी हे टाइप होत नाही. नियम सैल करून सहा आकडी पिन ठेवा, आणि त्याच वेळी पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं काही मिनिटं बंद होईल अशी सेटिंग करा. जन्मतारीख किंवा मोबाइलचे शेवटचे आकडे पिन म्हणून देऊ नका, शेजारच्याला ते ठाऊक असतात. आधार नंबर यंत्रणेत कुठेही घालू नका. प्रशिक्षणाला त्याची गरज नाही, आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर नको ती माहिती साठवणं म्हणजे स्वतःहून ओढवून घेतलेली जोखीम आहे.

यादीतच ‘कोहॉर्ट’चा, म्हणजे गटाचा, रकाना भरा : मिक्सर, एक्स्ट्रूडर, कटर, पॅकिंग. सुरुवातीचा तो कागदी तक्ता इथे उपयोगी पडतो. कोहॉर्टला पाठ जोडला की त्या गटात आलेल्या नव्या माणसाला तो आपोआप मिळतो. आधी पाचच माणसांची यादी चढवून बघा. १२० जणांची चुकलेली यादी निस्तरण्यात एक दिवस जातो.

प्रश्न

प्रत्येक पाठामागे निदान तीस प्रश्नांचा साठा करा आणि परीक्षेत त्यातले दहा आपोआप निवडले जाऊ द्या. तेच दहा सगळ्यांना दिले तर दुसऱ्या पाळीला उत्तरं चहाच्या टपरीवर मिळतात. उत्तीर्ण व्हायला आठ. दोन प्रयत्नांमध्ये दहा मिनिटांचं सक्तीचं अंतर ठेवा, नाहीतर माणूस व्हिडिओ न बघता बटणं दाबत राहतो.

अर्ध्याहून जास्त प्रश्न फोटोचे असावेत. कटरचा फोटो, गार्ड उघडं, विचारायचं : यात काय चुकलं? वाचायला अडणारा पण वीस वर्षं मशीनवर असलेला माणूस इथे पटकन उत्तर देतो, आणि तेच बरोबर आहे. तुम्ही त्याची मराठी तपासत नाही आहात.

ज्या प्रश्नाला चूक चालतच नाही तो दहाच्या परीक्षेत ठेवू नका. विजेच्या पॅनेलला आग लागली तर पाणी मारायचं का, हा प्रश्न चुकवूनही माणूस दहापैकी नऊ घेऊन पास होईल. अशा दोन-तीन प्रश्नांची वेगळी छोटी परीक्षा करा आणि तिथे उत्तीर्णतेची अट शंभर टक्के ठेवा.

पाठ ‘पूर्ण’ कधी धरायचा याची अट ‘उत्तीर्ण गुण मिळाले तर’ अशी असली पाहिजे. ‘पान उघडलं तर’ अशी राहिली तर पहिल्याच दिवशी सगळा कारखाना हिरवा दिसतो आणि मालक खूश होतो.

मशीनवरची पडताळणी

मूडलमध्ये ‘असाइनमेंट’ नावाची गोष्ट आहे. त्यात कामगारानं काही जमा करायचं नाही, सुपरवायझरनं फक्त शेरा द्यायचा, अशी ती लावता येते. गुणांऐवजी दोनच पर्याय ठेवा : ‘अजून नाही’ आणि ‘जमलं’. सुपरवायझर कामगाराला मशीनपाशी नेतो, कुलूप-टॅगचा सगळा क्रम करून दाखवायला लावतो आणि मोबाइलवर शेरा देतो. परीक्षा आणि हा शेरा, दोन्ही असल्याशिवाय पाठ पूर्ण होत नाही. सुपरवायझरला फक्त आपल्या पाळीची माणसं दिसतील असे गट करा. ४० नावं शोधत बसणं परवडतं, १२० नाही.

इथे चुकणारी गोष्ट नेहमीची आहे : महिनाअखेरीला सुपरवायझर कँटीनमध्ये बसून वीस जणांना ‘जमलं’ देऊन मोकळा होतो. मूडल प्रत्येक शेऱ्याची वेळ नोंदवतं. कुलूप-टॅगचा क्रम एका माणसाला करून दाखवायला पाच-सात मिनिटं लागतातच. दोन मिनिटांत वीस शेरे दिसले तर सगळे रद्द करा आणि त्याला त्या आठवड्यात लाइनवरून अर्धा तास मोकळा द्या. बहुतेक वेळा दोष त्याच्या इराद्याचा नसतो, उत्पादनाचं टार्गेट तसंच ठेवून हे काम त्याच्यावर टाकलेलं असतं.

प्रमाणपत्र हवंच असेल तर एक अडचण आधीच सांगतो. मूडल पीडीएफ बनवायला जे साधन वापरतं त्याला देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत. ‘प्रवीण’ किंवा ‘ज्ञानेश्वर’ मोडका येतो, वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. स्वतःचंच नाव चुकलेलं प्रमाणपत्र कोणी घरी नेत नाही. यादी बाहेर काढून वर्डच्या मेल-मर्जनं छापा.

जागा, वायफाय आणि ऊन

निम्म्या माणसांकडे मोबाइलमध्ये जागा नसते, काहींचा मोबाइल घरी पोराकडे असतो. म्हणून अॅपवर विसंबू नका, सगळं साध्या ब्राउझरमध्ये चाललं पाहिजे. शिवाय कँटीनमध्ये किंवा टाइम ऑफिसशेजारी तीन टॅब्लेट ठेवा, स्टँडला पक्के केलेले, सोबत स्वस्तातले हेडफोन.

पत्र्याच्या शेडमध्ये टॅब्लेट लावू नका. बहुतेक मोबाइल-टॅब्लेट ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळात सावलीतच पारा ४४च्या घरात जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. पडदा आपोआप मंद होतो, चार्जिंग थांबतं, पुढे बॅटरी फुगते. पंख्याखाली, खिडकीच्या उन्हापासून लांब आणि चोवीस तास चार्जरला न लावता ठेवा. डाळ मिलमध्ये भुशाची धूळ चार्जिंगच्या भोकात बसते, तिथे टॅब्लेट ऑफिसच्याच खोलीत बरा.

सामायिक टॅब्लेटवरची मोठी गफलत म्हणजे आधीचा माणूस बाहेर न पडता उठून जातो आणि पुढचा त्याच्याच नावावर परीक्षा देतो. मुळातली सत्राची (लॉगिन चालू राहण्याची) मुदत काही तासांची असते. ती अर्ध्या तासावर आणा, आणि टॅब्लेटवरच मोठ्या अक्षरांत चिकटवा : ‘आधी वर स्वतःचं नाव बघा’.

इंटरनेटचा हिशेब सोपा आहे. तीस माणसं एकाच वेळी व्हिडिओ बघत असतील तर साधारण १७ एमबीपीएस लागतात, म्हणजे ५० एमबीपीएसची फायबर लाइन पुरते. वायफायचा अॅक्सेस पॉइंट कँटीनच्या छतालाच लावा, ऑफिसातून भिंतीपलीकडे रेंज मिळेल या भरवशावर राहू नका. राउटर आणि अॅक्सेस पॉइंटला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस द्या. लाइट गेल्यावर माणसं रिकामी बसतात, पाठ बघायला तीच वेळ सोयीची.

मशीनशेजारी त्या पाठाचा क्यूआर कोड लॅमिनेट करून लावा, पण तो पाठाच्या पत्त्याचा. मूडलमध्ये आपोआप लॉगिन करणारा क्यूआरही असतो. तो काही मिनिटांतच मरतो आणि एकाच खात्याचा असतो, त्यामुळे तो छापून उपयोग नाही.

कधी सुरू करायचं

पाइपचा हंगाम उन्हाळ्याचा. फेब्रुवारी ते मे डिस्पॅचची घाई असते, तेव्हा नवं काही सुरू केलं तर सुपरवायझरच ते हाणून पाडतील. जुलै-ऑगस्ट बरे, फक्त कानबाईच्या सणाचा आठवडा सोडून. जिनिंगला उलट : कापूस यायच्या आधी, दसऱ्यापर्यंत आगीचा पाठ सगळ्यांचा झालेला हवा. लग्नसराई आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास मुदत ठेवू नका, अर्धा हजेरीपट रिकामा असतो.

आधी एकाच पाळीतली पंधरा माणसं, एकच पाठ, दोन आठवडे. त्यात वयस्क माणसं मुद्दाम घ्या. त्यांना लॉगिन जमलं तर बाकीच्यांना जमेलच. पाळी सुरू होताना सगळ्यांना एकदम बसवू नका, दर वीस मिनिटांनी पाच जण सोडा म्हणजे लाइन थांबत नाही.

चालू राहण्यासाठी

रोज रात्री डेटाबेस आणि मूडल-डेटा फोल्डर, दोन्हींचा बॅकअप घ्या. फक्त डेटाबेस घेतला तर व्हिडिओ जातात, फक्त फोल्डर घेतला तर नोंदी जातात. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवणं म्हणजे न घेतल्यासारखंच. तीन महिन्यांतून एकदा तो दुसरीकडे उघडून बघा.

ठेकेदाराचा माणूस सोडून गेला की त्याचं खातं ‘स्थगित’ करा, पुसू नका. पुसलं की त्याला प्रशिक्षण दिल्याची नोंद अहवालात सापडत नाही, आणि पुढे एखाद्या अपघाताची चौकशी लागली तर तीच नोंद मागतात. ठेकेदारानं नवा माणूस आणला तर जुन्याचा टोकन नंबर त्याला देऊ नका. दिला तर जुन्याचे सगळे ‘जमलं’ नव्याच्या नावावर चढतात, आणि ज्यानं आयुष्यात कुलूप लावलं नाही तो कागदावर तयार ऑपरेटर ठरतो. गेटवरच्या हजेरीची यादी आणि मूडलची यादी दर सोमवारी समोरासमोर धरा. गेटवर आहे पण मूडलमध्ये नाही असा जो निघेल, त्याला त्या दिवशी मशीनवर उभं करायचं नाही, लोडिंगला पाठवायचं.